साठ हजारची पुडी

यावल तालुक्यातलं हे घर. फळीवरचा हा स्टीलचा डबा बघा. बीपीच्या गोळ्या, रक्तवाढीच्या लाल लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमची अर्धी पट्टी आणि व्हिटॅमिन डीच्या चार पुड्या. पुडीवर आकडा आहे, ६०,०००.

जिजींचे गुडघे दुखायचे. तपासणीत डी कमी निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला एक पुडी, दुधात टाकून, आठ आठवडे. जिजींच्या लक्षात राहिलं तेवढं ‘दुधात टाकून’. मग रोज रात्री दूध आणि रोज रात्री पुडी. सुनेनं टोकलं तर म्हणायच्या, “ताकदनं औषध शे ते.”

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट पुरतं. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचा शिधा! बी आणि सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ए, डी, ई, के मात्र चरबीत विरघळणारी, अंगात साठत जाणारी. डी फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं.

जिजींची आधी भूक गेली. मग मळमळ, शौचाला खडा, सारखी तहान, सारखी लघवी. दिवस मे महिन्याचे, पारा ४५ च्या घरात. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. यात दोन आठवडे गेले. खानदेशात मला हीच भीती जास्त वाटते, उन्हाळ्यात सगळं उन्हाच्या नावावर जातं. शेवटी रक्त तपासलं, तेव्हा मूत्रपिंडावर ताण आलेला होता. पुड्या बंद झाल्या, सलाईन लागलं, जिजी वाचल्या.

त्यांचा मुलगा केळी पिकवतो. ठिबकमधून खत जास्त गेलं तर मुळ्या जळतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आईच्या पुड्या मात्र त्यानं कधी मोजल्या नव्हत्या.

लाल गोळ्या आता नातवाचा हात पोचणार नाही अशा जागी आहेत. लहान मुलानं त्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. चहासोबत घेणंही बंद केलंय, चहानं लोह नीट अंगी लागत नाही. गरोदर बाईनं ‘ए’ची जादा मात्रा आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यानं ‘के’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

पुढच्या खेपेला सून अख्खा डबाच पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कॅल्शियमची पट्टी उलटी केली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, व्हिटॅमिन डी-३.