समुद्राचा वाफसा

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकपासून समुद्र दूर, मधे सह्याद्री उभा. तरी परवा बाजारातून आणलेली तारली साफ करताना समुद्र मला घरातच भेटला. तारलीचे कल्ले उचलून पाहा. आत कंगव्याच्या दातांसारखे बारीक काटे दाटीने बसलेले असतात. या चाळणीतून ती पाणी गाळते आणि उरेल ते खाते. ते म्हणजे प्लवक, पाण्यासोबत वाहणारे सूक्ष्म जीव.

वनस्पती-प्लवकाला ऊन लागतं, ते वर. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे त्याचं खत मात्र खाली अंधारात, कारण मेलेलं सगळं बुडतं आणि खोलवर कुजतं. ते वर आणतो वारा. केरळचा किनारा घ्या. पावसाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं. स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमान यांनी १९०५ साली याचं गणित मांडलं. सरकलेल्या पाण्याच्या जागी खालचं थंड, कसदार पाणी वर येतं.

मग वारा जितका जास्त तितकं पीक जास्त? नाही, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. वारा थांबलाच नाही, तर प्लवक उन्हाखालून खोल ढवळलं जातं, नाहीतर वाढण्याआधीच बाहेर वाहून जातं. वारा सुटावा आणि मग काही दिवस पडावा. पाणी स्थिरावतं, डायटम, म्हणजे वनस्पती-प्लवकातले एकपेशीय जीव, भराभर वाढतात, दिवसाला एकाचे दोन होतात. पाऊस कितीही चांगला झाला तरी वाफसा आल्याशिवाय आपण पेरणीला हात घालत नाही, तसंच हे.

त्यांना खाणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले इवले जीव, तांदळाच्या दाण्याहून लहान. वरचं पाणी बाहेर जातं, खालचं किनाऱ्याकडे येतं. कोपेपॉडच्या काही जाती रात्री वर चरतात, दिवसा खाली उतरतात, आणि त्या खालच्या पाण्याबरोबर पुन्हा किनाऱ्याजवळ येतात.

कांदा लावणाऱ्यांना एल निनो माहीत आहे तो पावसाच्या अंदाजातून. पण हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या कोळ्यांचं, नाताळच्या सुमारास येणाऱ्या गरम पाण्याला दिलेलं. तिथे १९७० साली अँकोव्ही माशाची पकड १ कोटी २० लाख टनांहून अधिक होती. १९७२ च्या एल निनोत गरम पाण्याचा थर जाड झाला. वारा पाणी वर आणत राहिला, पण आलं ते निकस. त्यात आधीची काही वर्षं जाळी अतोनात पडली होती. पकड कोसळली, ती पुढे कित्येक वर्षं सावरली नाही.