तेराव्या राज्याचा हट्ट

न्यूपोर्ट बंदर, ऱ्होड आयलंड, अमेरिकेच्या तेरा राज्यांपैकी एक. साल १७८६. जॉन वीडन नावाच्या खाटकाकडे एक गिऱ्हाईक येतं आणि राज्यानं नुकत्याच छापलेल्या कागदी नोटा पुढे करतं. वीडन त्या घेत नाही. नोट नाकारणं गुन्हा, म्हणून प्रकरण कोर्टात जातं. हा खटला आमच्या अखत्यारीत येत नाही, असं म्हणून न्यायाधीश तो निकालात काढतात. चिडलेली विधानसभा न्यायाधीशांनाच जाब द्यायला बोलावते!

यात बाहेरच्या कुणाचंच काही चालत नव्हतं. केंद्र होतं, पण नावापुरतं. तेरा राज्यांना जोडणाऱ्या १७८१च्या करारनाम्यानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या केंद्रीय सभेला, कर बसवता येत नसे. राज्यांकडे मागायचं आणि मिळेल त्यात भागवायचं. करारनामा बदलायचा, तर तेराही राज्यांचा होकार हवा. ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडण्यासाठी काँग्रेसनं आयात मालावर पाच टक्के जकात मागितली. १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडनं साफ नकार दिला. योजना बारगळली.

हा निव्वळ आडमुठेपणा? मला तसं वाटत नाही. न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्सच्या बंदरांवर हे चिमुकलं राज्य जगत होतं. जकात केंद्रानं नेली, तर स्वतःचं कर्ज कशातून फेडायचं? आणि लंडनच्या करांविरुद्ध लढून झाल्यावर पुन्हा बाहेरून नेमलेले जकात अधिकारी कुणाला हवे होते?

१७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बारा राज्यं आली. ऱ्होड आयलंडनं कुणालाच पाठवलं नाही. जमलेल्यांनी एकमताची अटच काढून टाकली: नऊ राज्यांची मंजुरी पुरे. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याला तर राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसच्या हाती हवा होता. ते इतरांनाही झेपलं नाही. जुलैमध्ये सूचना फेटाळली गेली. राज्यांनी नोटा छापायच्या नाहीत, हे कलम मात्र आलं.

मार्च १७८८. ऱ्होड आयलंडच्या गावसभांत मतदान झालं. विरोधात सत्तावीसशेहून जास्त, बाजूनं अडीचशेही नाहीत. अर्थात, घटनेच्या बहुतेक समर्थकांनी बहिष्कार टाकला होता.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, सरकार सुरू झालं, तरी ऱ्होड आयलंड बाहेरच. मे १७९० मध्ये सिनेटनं, म्हणजे नव्या काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहानं, त्याच्याशी व्यापार बंद करण्याचं विधेयक मंजूर केलं. इकडे प्रॉव्हिडन्स शहर राज्यातूनच फुटून निघायची धमकी देऊ लागलं. अखेर २९ मे रोजी न्यूपोर्टच्या अधिवेशनात घटना मंजूर झाली, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. सोबत दुरुस्त्यांची लांबलचक यादीही जोडली होती.