‘पैसे गेले का?’ : अ‍ॅपच्या पडद्याबद्दल थोडं

मंडळी, मोबाइल अ‍ॅपच्या इंटरफेसवर बोलायचं म्हटलं की रंग, आयकॉन, फॉन्ट इथून सुरुवात होते. मी भाजीच्या गाडीपासून सुरुवात करतो. गिऱ्हाइकानं क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं. आता गिऱ्हाइकाला आणि भाजीवाल्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : पैसे गेले का? याचं उत्तर जो पडदा आधी देतो, तो चांगला. सजावट मागाहून.

इंटरफेसचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९४ साली इंटरफेस तपासायचे दहा निकष मांडले. त्यातला पहिलाच हा आहे की आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळलं पाहिजे. वेळेचा हिशेबही त्यांनी सांगितलाय. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर बोट लावताच काम झालं असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची तंद्री मोडत नाही. १० सेकंदांनंतर मात्र माणूस दुसरीकडे बघायला लागतो. यूपीआयमध्ये आपली बँक, समोरच्याची बँक आणि मधे यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय. यातलं कुणीही अडलं की पडद्यावर ‘पेंडिंग’ येतं आणि माणूस घाबरून पुन्हा पैसे पाठवतो. तिथे नुसतं ‘पेंडिंग’ लिहून भागत नाही. आता मी काय करू, पुन्हा पाठवू की थांबू, हे तिथेच सांगायला हवं. दुकानदाराची अडचण वेगळी. त्याचे हात कामात असतात, तो फोन बघणार कधी? म्हणून ‘इतके रुपये मिळाले’ असं मोठ्यानं सांगणारा तो बोलणारा डबा आला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्याकडे झालेलं इंटरफेसचं हे सगळ्यात शहाणं काम आहे, आणि त्याला पडद्याची गरज पडली नाही.

आता एक फसलेली रचना पाहू. यूपीआय २०१६ साली आलं, तेव्हापासून त्यात दुसऱ्याकडे पैसे मागायची सोय होती. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला फोन यायचा, ‘रिक्वेस्ट पाठवलीय, पिन टाका, पैसे जमा होतील.’ माणूस पिन टाकायचा आणि पैसे जायचे. पैसे घेताना पिन लागत नाही, हे बँका घसा फोडून सांगत होत्या. पण पैसे मागणारी रिक्वेस्टही शेवटी त्याच ओळखीच्या पिनच्या पानावर नेऊन सोडायची. हात सरावानं चालतो, बारीक अक्षरातला इशारा वाचत बसत नाही. अशा वेळी ‘लोकांना कळत नाही’ म्हणणाऱ्या डिझायनरचा मला राग येतो. शेवटी एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैसे मागायची ही सोयच बंद केली. सूचना वाढवण्यापेक्षा चुकीची वाटच काढून टाकली.

तसंच नावाचं. फोनमध्ये आपण ‘गॅसवाले काका’ म्हणून नंबर ठेवतो. कुणी क्यूआर कोडला स्वतःच भारदस्त नाव देतो. पैसे नक्की कुणाकडे चाललेत? ३० जून २०२५ पर्यंत सगळ्या यूपीआय अ‍ॅपना बँकेच्या नोंदीतलं नावच दाखवायला सांगितलं गेलं. पिन टाकायच्या आधी हे नाव आणि रक्कम पडद्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असावी, कर्जाच्या जाहिराती आणि कॅशबॅकची कार्डं गेली उडत.

बोटांचं थोडक्यात सांगतो. लांबचं आणि लहान लक्ष्य गाठायला वेळ जास्त लागतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. अँड्रॉइड बटणासाठी किमान ४८ डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर जागा सांगतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहायची फॅशन आहे. ती एसीच्या केबिनमध्ये दिसतात, दुपारच्या उन्हात नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचा निदान ४.५:१ इतका फरक हवा.

मोठं बटण नेहमी भल्यासाठीच असतं असंही नाही. ‘हो’ रंगीत आणि ‘नको’ शोधून सापडत नाही, हे मुद्दाम केलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, खोटी घाई लावणं, सदस्यत्व घेणं सोपं पण सोडणं अवघड करणं, सगळं त्यात आहे.

आता आपल्या मराठीकडे येऊ. बहुतेक अ‍ॅप आधी इंग्रजीत आखतात आणि तयार चौकटीत मागाहून मराठी कोंबतात. वर वेलांटी कापली जाते, खाली उकार. मजकूर मावला नाही की शेवटी तीन टिंबं येतात, आणि खरा धोका तिथे आहे. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी बसतात. ‘पुन्हा पैसे पाठवू नका’ या ओळीचं शेपूट कापलं की उरतं ‘पुन्हा पैसे पाठवू…’. पेंडिंगच्या पडद्यावर हे कुणी वाचलं तर? म्हणून चौकटीत दोन ओळींना जागा ठेवा, ओळींमधलं अंतर वाढवा. भाषा मराठी करून, अक्षरं सगळ्यात मोठी करून, लहान पडद्याच्या स्वस्त फोनवर आपलं अ‍ॅप उघडून बघा. आत्ता प्रश्नोत्तरांच्या वेळीच बघितलंत तरी चालेल, फोन सगळ्यांच्या हातात आहेतच.