नावापुढची तीन अक्षरं

(दृश्य: काळ्या पडद्यावर वर सरकणारी श्रेयनामावली. संकलकाच्या नावाशी थांबते.)

नावापुढे स्वल्पविराम, आणि मग तीन अक्षरं: ए, सी, ई. हॉलिवूडच्या कितीतरी चित्रपटांत ती दिसतात आणि डोळ्यांत भरायच्या आत वर निघून जातात. ही कुठल्या विद्यापीठाची पदवी नाही, फी भरून मिळणारा परवाना नाही. संकलनात वर्षं घालवलेल्या माणसांनी आपल्यातल्याच एकाचं काम पाहून त्याला दिलेला हा मान आहे.

अमेरिकन सिनेमा एडिटर्स. १९५० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली चित्रपट आणि टीव्ही संकलकांची ही मानद संस्था. तिला कामगार संघटना समजण्याची चूक बरेच जण करतात. मजुरीचे दर, कामाचे तास, विमा हे सगळं बघायला मोशन पिक्चर एडिटर्स गिल्ड ही वेगळी संघटना आहे. इथे मात्र जुन्या सदस्यांनी शिफारस करावी लागते, आणि मग कामाचा कस पाहिला जातो. नव्या मुलांना शिकवण्याची तळमळ आहे का, हेही पाहतात. मला ही अट फार मोलाची वाटते.

(दृश्य: ३५ मिलिमीटरच्या फिल्मची पट्टी. पांढऱ्या पेन्सिलीची एक तिरकी रेघ.)

या पट्टीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ स्थिर चित्रं. पडद्यावर सेकंदाला २४. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० फ्रेम. आता कुठे कापायचं ते दाखवणारी ही रेघ कुठे मारायची?

ती दारातून आत येते. तो मान वर करतो. मान हलताक्षणी शॉट कापला, तर तो दचकल्यासारखा वाटतो. आणखी सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद थांबून कापला, तर तो तिचीच वाट पाहत बसला होता असं वाटतं. नट तोच, टेक तोच.

प्रेक्षकाला हा पाव सेकंद कळत नाही, कळूही नये. पण जे दिसत नाही त्याचं कौतुक करणार कोण? मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये या लोकांना नुसतं 'कटर' म्हणत. त्यांत बायका पुष्कळ होत्या, कारण फिल्म कापणं आणि जोडणं हे शिवणकामासारखंच समजलं जाई. १९२९ मध्ये ऑस्कर सुरू झाले, तेव्हा संकलनाला पुरस्कारच नव्हता. तो आला १९३४ सालच्या चित्रपटांपासून. आणि तो मिळवणारी पहिली स्त्री, ॲन बॉकन्स, हिला तो मिळाला १९४० च्या चित्रपटासाठी. तोवर ती वीसहून अधिक वर्षं हेच काम करत होती.

म्हणून संकलकांनी आपली दाद आपणच द्यायचं ठरवलं. संस्थेचे 'एडी' पुरस्कार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिले जातात.

ही गरज सरली, असं कुणी म्हणू नये. २०२२ मध्ये ऑस्करच्या आठ पुरस्कारांचं वितरण थेट प्रक्षेपणाआधी उरकून घेतलं गेलं, आणि नंतर ते कापून कार्यक्रमात जोडलं. त्या आठांत संकलन होतं. अमेरिकन सिनेमा एडिटर्सनं जाहीर निषेध केला. पुढच्या वर्षी सगळे पुरस्कार पुन्हा मंचावर थेट दिले गेले.

(दृश्य: एकाच प्रसंगाचे चार टेक, एका पडद्यावर शेजारी शेजारी.)

तरीही एक कोडं उरतंच. संकलन जोखायचं कसं? तयार चित्रपट सगळे बघतात, पण काय टाकून दिलं ते फक्त संकलनाच्या खोलीतल्यांना ठाऊक. हाती आलेला माल सोन्यासारखा होता, की मोडकळीला आलेला प्रसंग कुणीतरी रात्री जागून उभा केला? मत देणारे सहकारी अनुभवावर अंदाज बांधतात. जाणकारांचा अंदाज असला, तरी अंदाजच.

म्हणूनच या संस्थेची विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा मला एडीच्या सोहळ्यापेक्षा जवळची वाटते. तिथे सगळ्यांना एकच फूटेज देतात. तेच टेक, तेच संवाद, त्याच चुका. इथे नशिबाला जागा नाही. कुणी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहतो. कुणी ऐकणाऱ्याकडे वळतो. कुणी संवादाची शेवटची ओळच काढून टाकतो, आणि नटीनं ती म्हणण्याआधी घेतलेला श्वास तेवढा ठेवतो.

(दृश्य: तोच श्वास. कट.)