उसना सांगाडा

[पडद्यावर काळोख. रंध्याचा एकच लांब आवाज. मग उजेड.]

समोर दिसतंय ती अजून होडी नाही. गुडघ्याच्या वर येईल एवढ्या उंचीवर एक लांब, सरळ लाकडी पेटी आहे आणि तिच्यावर फूट-फूट अंतराने प्लायवूडचे १५ फर्मे उभे केलेत. प्रत्येक फर्मा म्हणजे होडीचा त्या ठिकाणचा आडवा छेद. मधला सगळ्यात रुंद, दोन्ही टोकांकडे जावं तसतसे निमुळते. दुरून पाहिलं तर भल्यामोठ्या माशाचा काटा पालथा पडलाय असं वाटेल.

सोळा फुटी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, याच काट्यावर आकार घेणार आहे. उलटी, तळ आढ्याकडे करून. आणि आकार घेऊन झाला की यातला एकही फर्मा तिच्यात राहणार नाही. सांगाडा उसना आहे.

उसना आहे म्हणून हयगय चालत नाही. दोन दिवस झाले, होडीच्या लाकडाला अजून हात लागलेला नाही. टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणलीय, ओळंबा सोडलाय, एकेका फर्म्याला गुण्या लावून पाहणं चाललंय. फर्मा अर्धा सूत सरकला तरी त्या जागी पट्टी आत चेपते नाहीतर बाहेर फुगते. ती चूक मग रंध्याने काढावी लागते, आणि दोन सूत जाडीच्या लाकडातून काढून काढून किती काढणार?

शेवटी कारागीर एक लवचीक पट्टी सगळ्या फर्म्यांवरून वाकवतो, एक डोळा मिटतो आणि तिच्या कडेने बघत राहतो. मोजपट्टी खिशात गेलीय. ती परत फारशी बाहेर येणार नाही.

[लाकडाच्या पट्ट्या. अगदी जवळून.]

हे वेस्टर्न रेड सीडार. नावात सीडार आहे, पण देवदाराशी याचं सख्खं नातं नाही. झाड सायप्रसच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचं. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, हे ३७० च्या आसपास. नख रुतवलं तर वण उठतो. पाण्यात दगडधोंड्यांवर घासणाऱ्या होडीला इतकं मऊ लाकूड कशाला, हा प्रश्न मनात ठेवा. थोड्या वेळाने त्याच्याकडे येऊ.

फळ्या चिरून पाऊण इंच रुंद आणि पाव इंच जाड पट्ट्या काढल्यात. साठ-सत्तर तरी लागतात. प्रत्येकीच्या एका कडेला राउटरने, म्हणजे कडा कोरायच्या मशिनीने, गोलाई मारायची आणि दुसऱ्या कडेला त्याच मापाची खाच. आधी गोलाई, खाच मागाहून. कारण खाचेचे दोन्ही काठ कागदासारखे पातळ होतात, आणि पट्टी पुन्हा मशिनीतून काढली की चुरतात.

चिरताना जो वास सुटतो तो कॅमेऱ्यात येत नाही, याचं वाईट वाटतं. पण कारागिराच्या तोंडावर मास्क आहे, आणि तो उगाच नाही. या लाकडाच्या धुळीत प्लिकॅटिक आम्ल असतं आणि त्याने कायमचा दमा जडलेले कामगार आहेत.

[पहिली पट्टी फर्म्यांवर बसते.]

खाच वरच्या बाजूला. बाटलीच्या निमुळत्या तोंडातून सरसाची बारीक धार खाचेत सोडायची. ती तिथेच बसून राहते, ओघळत नाही. मग वरच्या पट्टीची गोलाई त्यात दाबायची. होडीच्या बाजूला जिथे वळण येतं तिथे गोल कड गोल खाचेत फिरते, त्यामुळे पट्ट्या एकमेकींशी कोन करून बसल्या तरी मध्ये फट राहत नाही. प्रत्येक फर्म्यापाशी एक स्टेपल. फर्म्यांच्या कडांना आधीच चिकटपट्टी लावून ठेवलीय, कारण सरस तिथे धरला तर उसनं घेतलेलं परत करता यायचं नाही.

त्याच्या अंगठ्याकडे बघा. सांध्यावरून तो सरकतोय आणि मागोमाग सरसाचे बारीक थेंब ओळीने बाहेर येताहेत. थेंब आला की सांधा बसला. एका जागी थेंब नाही. तो थांबतो, पट्टी खाली दाबतो, ठोसा देतो, पुन्हा दाबतो. आला. मग लगेच ओल्या फडक्याने पुसून टाकतो. वाळलेला सरस सीडारपेक्षा कडक. तो तसाच राहिला तर पॉलिश पेपर सरसाला सोडून आजूबाजूचं लाकूड खातो.

बाजू भराभर वर चढतात. बघणाऱ्याला वाटतं, आठवड्यात होडी होईल. मग तळ येतो. तिथे दोन्हीकडच्या पट्ट्या मधल्या रेषेवर भेटतात आणि प्रत्येकीचं टोक वेगळ्या तिरक्या कोनात कापावं लागतं. रंध्याचे दोन हात, लावून बघ, पुन्हा दोन हात. शेवटची पट्टी भाल्याच्या पात्यासारखी, दोन्हीकडे निमुळती. तिच्यासाठी एक अख्खी दुपार गेली. बसली तेव्हा तळहाताच्या एका थापेने बसली.

[जुन्या होडीचं रेखाचित्र.]

ही घडण उत्तर अमेरिकेतली. कनू हा शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, स्पॅनिश खलाशांनी युरोपात नेलेला. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी, अनिशिनाबे आणि त्यांच्यातलेच अल्गोंक्विन, भूर्जाच्या सालीची कनू करायचे, आणि त्यांचा क्रम गमतीचा होता. आधी सालीचं कवच, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळांनी शिवलेलं, आणि मग आतून सीडारच्या बरगड्या ठोकायच्या. कातडं आधी, हाडं नंतर. शिवणीवर स्प्रूसचा डिंक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातल्या पीटरबरोत फळ्यांच्या कनूंचे कारखाने उभे राहिले. आज त्याच गावातल्या कॅनेडियन कनू म्युझियममध्ये अशा ६०० हून अधिक होड्या आहेत. आपण बघतोय ती पद्धत विसाव्या शतकातली, इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ आणि काचेच्या धाग्यांचं कापड यांच्या भरवशावर उभी. हिला बरगड्याच नाहीत.

[स्टेपल उपसण्याचा आवाज. एक. अजून एक.]

हजाराच्या घरात आहेत. हा भाग आम्ही तुमच्यावर लादत नाही.

पुढचा आठवडा रंध्याचा आणि पॉलिश पेपरचा. दिवा जमिनीजवळ ठेवून उजेड तिरका पाडतात. मग प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. लांब लवचीक पट्टीला पॉलिश पेपर लावून तिरकस घासायचं, म्हणजे उंच तेवढंच कापलं जातं. घासून झालं असं वाटलं की स्पंजने सगळं अंग ओलं करायचं. चेपलेले वण फुगून वर येतात आणि राहिलेला सरस फिकट डागांसारखा दिसायला लागतो. वाळल्यावर पुन्हा घासणं.

[संध्याकाळ. कार्यशाळा स्वच्छ झाडलेली.]

दुपारी भट्टी पेटवून खोली गरम केली होती, आता विझवलीय. हे मुद्दाम. लाकडाच्या पेशींत हवा असते. राळ ओली असताना लाकूड तापत गेलं तर ती हवा फुगून राळेत बुडबुडे सोडते. निवत गेलं तर राळच आत ओढली जाते. म्हणून काम उतरत्या तापमानात.

पांढरं काचेचं कापड होडीवर पसरलंय, चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचं. हाताने नुसतं सारखं केलं तरी अंगासरशी बसतं. इपॉक्सी राळ आणि तिला घट्ट करणारं हार्डनर मोजून, ढवळून, लगेच पसरट ताटात ओततात. भांड्यात तसंच ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि हातातच घट्ट होतं.

पहिला ओघ मध्यभागी.

[निवेदन थांबते. दहा सेकंद फक्त दृश्य.]

कापड नाहीसं झालं. जिथे राळ पोचली तिथे पांढरं पुसलं गेलं आणि खालून लाकूड वर आलं, मधासारखं, तपकिरी, मध्येच एखादी जवळजवळ काळी पट्टी. इतके दिवस धुळीने मढलेलं हेच ते लाकूड.

पण कौतुकाला वेळ नाही. जास्तीची राळ रबरी पट्टीने ओढून काढावी लागते, नाहीतर कापड तिच्यावर तरंगतं. काही तासांनी, पहिला थर बोटाला जरा चिकटत असतानाच दुसरा. मग तिसरा. त्या रात्री कोणी घरी गेलं नाही.

आता मऊ लाकडाचा प्रश्न. होडी पूर्ण होईल तेव्हा आतून-बाहेरून कापड असेल आणि मध्ये सीडार. वाकवताना ताण आणि दाब सोसतात ते कापडाचे दोन पापुद्रे. लाकडाचं काम त्यांना एकमेकांपासून पाव इंच दूर धरायचं आणि सरकू द्यायचं नाही. त्यासाठी कडकपणापेक्षा हलकेपणा मोलाचा. याला लाकडी होडी म्हणायचं का, यावरून जुन्या वळणाचे कारागीर नाक मुरडतात. मुरडू देत. दोघांतलं एक काढून घेतलं तर दुसरं काही कामाचं नाही.

[होडी सुलटी होते.]

फर्मे निघाले. हा सगळ्यात नाजूक दिवस. कापड फक्त बाहेरून आहे, आत उघडं लाकूड. हाताने दाबलं तर बाजू हलतात. दोघांनी उचलली ती बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तशी. आतून घासणं अवघड, कारण तिथे रंधा चालत नाही, गोल पात्याचा खरवडा लागतो. आणि टोकांच्या चिंचोळ्या जागेत कापड खाली न टेकता अधांतरी राहू बघतं. कारागीर त्या दिवशी फारसं बोलला नाही.

नंतरचं भराभर. काठाला आतून-बाहेरून ॲशच्या लाकडाच्या पट्ट्या, वेताने विणलेल्या दोन बैठका, मधोमध खांद्यावर घ्यायचं जू. वर व्हार्निश, तेही उन्हापासून राखणारं, कारण इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही पण उन्हाने पिवळी पडून तडकते. सगळे मिळून २०० तास केव्हाच उलटून गेले.

[वजनकाटा. घरात असतो तसा.]

तो होडी घेऊन काट्यावर उभा राहतो, मग एकटा. वजाबाकी तोंडी. पंचवीस किलो.

जू मानेमागे बसवून तो एकटाच दाराकडे निघतो. डोकं होडीच्या पोटात, दिसताहेत फक्त पाय. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडून होडी दारातून पार होते. दाराचं माप त्याने पहिला फर्मा कापायच्या आधीच घेऊन ठेवलं होतं.