बायोडिझेल : राज्यभर पुरवायचं तर

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं सप्टेंबर २००५ अखेर डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल, म्हणजे तेलापासून बनवलेलं इंधन, मिसळणं सक्तीचं केलं. त्याच हिवाळ्यात ट्रकचे फिल्टर तुंबले आणि सक्तीला तात्पुरती स्थगिती द्यावी लागली. काही माल मानकात बसत नव्हता, त्यात ग्लिसरीन जास्त राहिलं होतं. म्हणून कुठल्याही राज्याची योजना समोर आली की कारखाने किती, हा प्रश्न नंतरचा. टँकर भरण्याआधी कोण काय तपासतं, ते आधी विचारायला हवं.

हे ग्लिसरीन राहतं कसं? तेलाची मिथेनॉल या अल्कोहोलशी अभिक्रिया केली की बायोडिझेल बनतं आणि ग्लिसरीन वेगळं होतं. १०० किलो तेलाला हिशेबानं ११ किलोच्या आसपास मिथेनॉल पुरतं. पण ही अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून जवळपास दुप्पट घालतात. अभिक्रियेला वेग यावा म्हणून कॉस्टिक सोडा, तेलाच्या साधारण १ टक्का, तोही आधी मिथेनॉलमध्ये विरघळवून. मग ६० अंशांवर तासभर ढवळायचं; ६५ च्या आसपास मिथेनॉल उकळायला लागतं. मिथेनॉल कमी पडलं किंवा ढवळणं अपुरं झालं, की मोनोग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरीन अजून न सुटलेलं अर्धवट तेल, शिल्लक राहतं. कोमट माल अगदी नितळ दिसतो, थंडी पडली की तेच फिल्टरवर साचतं. अमेरिकेच्या मानकात थंड करून गाळण्याची चाचणी आली ती २००८ मध्ये.

तळणाचं तेल वापरणार असाल तर मुक्त मेदाम्ल (तेलातून सुटं झालेलं आम्ल) आणि पाणी मोजल्याशिवाय रिॲक्टरमध्ये घेऊच नका. मेदाम्ल २ टक्क्यांच्या वर असेल तर सोड्याचा साबण होतो आणि बायोडिझेल आणि ग्लिसरीनचे थर सुटे होत नाहीत. अशा तेलावर आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलची प्रक्रिया करावी लागते.

कारखान्याच्या दारात करता येईल अशी एक चाचणी आहे. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवायचं आणि साधारण २० अंशांना ठेवायचं. तळाशी तेलाचा थेंब बसला, तर अभिक्रिया अपुरी आहे, तो घाणा परत घ्या. थेंब नाही म्हणजे माल पास, असं मात्र समजू नका. प्रयोगशाळेचा दाखला लागतोच.

डिझेलमध्ये मिसळण्याची जागा म्हणजे इंधनाचा डेपो. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असतं. थंड टँकरमध्ये ते आधी ओतलं तर तळाशी बसून राहतं, आणि एका पंपावर २ टक्के तर दुसऱ्यावर १० टक्के जातं. पाइपलाइनमध्येच मोजून मिसळणं सगळ्यात खात्रीचं. सोयाचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढुळतं, पामचं १५ च्या आसपासच. त्यामुळे वर्षभर एकच टक्केवारी ठेवण्याचा हट्ट चुकीचा. मिनेसोटात आता उन्हाळ्यात २० टक्के असतं, हिवाळ्यात ५.

पंपाच्या टाक्यांकडे फार कमी लक्ष जातं. बायोडिझेल जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिला माल उतरवण्याआधी टाकी साफ करा आणि सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. तांबं, पितळ, जस्त टाळा. नैसर्गिक रबराचे होज फुगतात. बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतं, म्हणून तळाचं पाणी नेमानं काढा आणि डिझेलमध्ये न मिसळलेलं बायोडिझेल सहा महिन्यांपलीकडे साठवू नका.