न शिवलेली जागा

मैत्रिणींनो, हे दोन तुकडे पहिल्या रांगेपासून मागे पाठवतेय, डोळे मिटून हात फिरवा त्यांच्यावरून. कापड एकच, पांढरं सुती, आतलं बॅटिंग, म्हणजे दोन कापडांमधला फुगीर थर, तेच, दोरापण तोच. एकावर सगळीकडे सारखीच बारीक नागमोडी शिलाई आहे, तो हाताला पुठ्ठ्यासारखा लागेल. दुसऱ्यावर मधे एक पान मोकळं सोडलंय आणि त्याच्याभोवती दाट शिवलंय, तिथे पान बोटांना फुगीर लागतं बघा. त्या पानाच्या आत मी एकसुद्धा टाका घातलेला नाही तरी तेच उठून आलंय. फ्री मोशन क्विल्टिंगबद्दल, म्हणजे मशीनवर मोकळ्या हातानं गोधडी शिवण्याबद्दल, मला आज मुख्य हेच सांगायचंय, की टेक्श्चर, म्हणजे कापडावरचा उठाव, येतं ते न शिवलेल्या जागेमुळे, दाट शिलाईनं बॅटिंग दबतं आणि शेजारची मोकळी जागा वर येते, मग उजेड तिरका पडला की सावली पडते, आणि आपल्याला दिसते ती खरं तर सावलीच.

आता फ्री मोशन म्हणजे काय, तर नेहमीच्या शिलाईत सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात, इथे ते दाते खाली करायचे, डार्निंग फूट, म्हणजे सुईबरोबर उड्या मारणारा मशीनचा पाय, लावायचा आणि कापड आपल्या हातानं फिरवायचं, पुढे मागे आडवं कसंही. घरात जुनं काळं मशीन असेल, दाते खाली जात नसतील, तरी अडत नाही, टाक्याची लांबी शून्यावर आणा किंवा दात्यांवर सुईपुरतं भोक पाडलेलं पातळ कार्ड चिकटवा. तुमच्यातल्या ज्यांनी शिवणक्लासमध्ये रिंग लावून मशीनवर भरतकाम केलंय त्यांना हे हातानं कापड फिरवणं आधीच येतंय, फक्त इथे तीन थर असतात, वरचं कापड, बॅटिंग आणि अस्तर, ते पंजाएवढ्या अंतरावर पिना लावून नीट जखडायचे, नाहीतर मागे चुण्या पडतात.

टाक्याची लांबी आता मशीन ठरवत नाही, तुमचा हात आणि पेडलवरचा पाय मिळून ठरवतात. हात पळाला आणि पाय मंद राहिला की टाके लांब, उलटं झालं की बारीक आणि गच्च. वळणावर हात झटकन ओढला की मागच्या बाजूला दोऱ्याचे पापण्यांच्या केसांसारखे आडवे फाटे दिसतात, आणि नवशिक्या बायका लगेच टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवायला घेतात. टेन्शन कधी कधी खरंच बिघडलेलं असतं, पण वळणावरच तसं होत असेल तर आधी हात हळू करा आणि मशीन एकाच वेगात चालू द्या. मी स्वतः एक अख्खं बेबी क्विल्ट शिवून झाल्यावर पालथं केलं तेव्हा हे कळलं, दोन रात्री उसवत बसले होते. तेव्हापासून प्रत्येक बॉबिन बदलताना मागची बाजू बघते, तुम्हीपण बघा.

डिझाइन कुठून शिकायची? कागदावर. लहानपणी पाटीवर श्री गिरवला तसंच गिरवायचं, पेन्सिल न उचलता. हाताला वळण लागलं की मशीनवर डोकं मोकळं राहतं आणि पुढची जागा कुठली एवढंच बघावं लागतं. पहिलं मिएंडरिंग, म्हणजे मोठी मोठी नागमोडी वळणं, रेघ स्वतःला कुठे ओलांडत नाही. तेच खूप बारीक केलं की स्टिपलिंग, पार्श्वभूमी दाबायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मग पेबल्स, गोल गोल खडे. यात एक गोल पूर्ण करून पुढच्याला जायला अर्धा गोल परत त्याच रेघेवरून शिवावा लागतो, म्हणून दोरा जाड असला की गोळा दिसतो. पेबल्सला मी ५० नंबरचा सुती दोरा वापरते, त्याहून बारीक मिळाला तर उत्तमच, आणि लक्षात ठेवा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. फेदर्स, म्हणजे पिसं, जरा उशिरा घ्या, तिथे प्रत्येक पाकळी देठाकडे परत नेता आली पाहिजे.

मोकळी जागा अजून उठावदार हवी असेल तर ट्रपुंटो करा, म्हणजे त्या आकाराखाली बॅटिंगचा अजून एक थर लावून, कडेनं शिवून, बाहेरचं जास्तीचं बॅटिंग जपून कापून टाकायचं आणि मग सगळे थर एकत्र घेऊन भोवती दाट शिवायचं. लोकरीचं बॅटिंग छान फुगतं, सुती चपटं राहतं पण धुतल्यावर थोडं आटतं आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात, आजीच्या धावदोऱ्याच्या गोधडीला येतात तशा, मला तर त्या फार आवडतात. आणि कापड शक्यतो प्लेन घ्या हो, मोठ्या फुलांच्या प्रिंटवर ही सगळी मेहनत दिसतच नाही.

दाट आणि विरळ यांचा तोल मात्र पूर्ण क्विल्टभर विचार करून ठेवा, मधे खूप दाट आणि कडेला मोकळं सोडलं तर कडा लाटांसारख्या उठतात, इस्त्रीनंही बसत नाहीत.

मशीनची शिलाई म्हणजे कमी प्रतीचं काम असं ज्यांना वाटतं त्यांना मी अमेरिकेचं एक उदाहरण देते. तिथे क्विल्टच्या स्पर्धांमध्ये हाताच्या टाक्यालाच मान होता, पण १९८९ साली केंटकीतल्या पडूका गावी, अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, मशीनच्या कामाला तिथे ते पहिल्यांदाच मिळत होतं. हात दोन्हीकडे लागतोच की, एकीकडे तो सुई धरतो आणि दुसरीकडे कापड.

चला, आता वह्या काढा. पानाच्या मधे एक आंबा काढा, त्याच्या आत काही काढायचं नाही, आणि बाहेरची सगळी जागा नागमोडी रेघेनं भरायची, पेन्सिल उचलायची नाही. दहा मिनिटं देते, मग मशीनवर बसू.